एक लाख गळ्यांतला आवंढा

१ ऑक्टोबर २०१६, शनिवार. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ९९,९८१ माणसं. वेस्टर्न बुलडॉग्ज या संघाने सिडनी स्वान्सला ८९-६७ असं हरवून ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं अजिंक्यपद मिळवलं होतं, तेही ६२ वर्षांनी. विजेत्या प्रशिक्षकाला मिळणारं जॉक मॅक्हेल पदक ल्यूक बेवरिज यांच्या गळ्यात पडलं. ते माइकसमोर गेले आणि त्यांनी बॉब मर्फीला मंचावर बोलावलं. मर्फी संघाचा कर्णधार, पण त्या दिवशी तो खेळला नव्हता. एप्रिलमध्येच त्याचा गुडघा गेला होता. अंतिम सामना खेळलेल्यांनाच पदक देतात, त्यामुळे १६ वर्षं क्लबसाठी राबलेल्या या माणसाचा गळा मोकळाच होता. बेवरिज यांनी स्वतःचं पदक काढलं आणि त्याच्या गळ्यात घातलं.

त्या क्षणी मैदानात किती जण रडले, याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण चित्रफीत पाहा. प्रेक्षकांत मोठमोठी माणसं तोंडावर हात धरून उभी आहेत. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला या खेळाचे नियमही धड ठाऊक नव्हते, तरी माझ्या घशात आवंढा आला. संघ माझा नाही, देश माझा नाही, मग हे का व्हावं? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आणि त्याचं उत्तर शोधताना मी गुडघ्यापासून ऋग्वेदापर्यंत जाऊन आलो.

खेळाबद्दल थोडं सांगतो. क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर दोन्ही बाजूंनी १८-१८ खेळाडू. चेंडूही लंबगोल. तो लाथेने उडवायचा किंवा मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यायचा, हाताने फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथाडला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. नियम पहिल्यांदा लिहिले गेले ते १८५९ साली, मेलबर्नमध्येच. या खेळात धावणं, उडी मारणं आणि धडकणं अखंड चालू असतं, आणि सगळ्यात जास्त सोसतो तो गुडघा.

मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकं बांधून ठेवणारा एक अस्थिबंध असतो, जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळवटू नये, हे त्याचं काम. खेळाडू उडीवरून एका पायावर उतरतो किंवा वेगात असताना एकदम दिशा बदलतो, तेव्हा त्यावर सगळा ताण येतो. अनेक खेळांमधल्या अशा दुखापतींच्या चित्रफिती संशोधकांनी चौकट-चौकट करून तपासल्या. पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत हा बंध तुटतो, असं त्यांत दिसलं. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. धोक्याची वर्दी मेंदूपर्यंत जाऊन स्नायू आवळले जाईपर्यंत सगळं संपलेलं असतं.

तुटलेला बंध बहुधा आपोआप जुळत नाही, कारण तो सांध्यातल्या द्रवात बुडालेला असतो. इतर जखमांवर रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधाराने नवं ऊतक वाढतं. इथे ती गुठळी टिकतच नाही. म्हणून शल्यविशारद मांडीच्या मागच्या स्नायूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा घेऊन त्याचा नवा बंध घालतात. लावल्यावर त्या कंडऱ्यातल्या जुन्या पेशी आधी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि महिनोन्‌महिने त्याची पुनर्रचना होत राहते. मधल्या काळात, वरून सगळं ठीक दिसत असताना, तो आतून सर्वांत अशक्त असतो. नॉर्वेतल्या एका अभ्यासात असं आढळलं, की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं लांबवावं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटतो. एप्रिलमध्ये पडलेला माणूस ऑक्टोबरचा अंतिम सामना खेळणं शक्यच नव्हतं. मर्फीला हे नीट माहीत होतं. २००६ मध्येही त्याचा हाच बंध तुटला होता.

आता आवंढ्याकडे वळू.

भावनेने डोळे भरतात तेव्हा शरीरात एकाच वेळी दोन उलट गोष्टी चालू असतात. अंगावर काटा उभा राहतो तो केसांच्या मुळाशी असलेल्या इवल्या स्नायूंमुळे. त्यांना हुकूम देणारी मज्जासंस्था तीच, जी संकटात छाती धडधडवते. अश्रू पाझरतात ते डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या ग्रंथीतून आणि त्यांचा हुकूम मात्र शरीर निवांत करणाऱ्या संस्थेकडून येतो. घशातला गोळा म्हणजे या ओढाताणीचीच एक खूण असल्याचं मानतात: जास्त हवा मिळावी म्हणून स्वरयंत्राची फट उघडी राहू पाहते आणि आपण गिळायला गेलो की ती मिटावी लागते.

पण ही भावना नेमकी कोणती? दुःख म्हणावं तर संघ जिंकलेला. आनंद म्हणावं तर आनंदात कोणी तोंड झाकून घेत नाही. अ‍ॅलन फिस्के, थॉमस शुबर्ट आणि बिएटे झाईप्ट या मानसशास्त्रज्ञांना हाच पेच पडला. रोजच्या भाषेतले शब्द त्यांना धूसर वाटले, कारण एकाच शब्दात चार भावना मिसळलेल्या असतात. म्हणून त्यांनी एक जुना संस्कृत शब्द उचलला: काममूता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम-यमी संवाद आहे; त्यात यमी स्वतःबद्दल हा शब्द वापरते. प्रेमाने ढवळून निघालेली, असा त्याचा अर्थ. यमीच्या तोंडी त्याची छटा वेगळी आहे, संशोधकांनी त्यातला 'प्रेमाने हललेली' एवढाच भाग घेतला.

मराठीला मात्र हा शब्द उसना घ्यायची गरज नाही. आपल्याकडे गहिवर आहे. गहिवर म्हणजे दुःख नव्हे आणि हर्षही नव्हे, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. कंठ दाटतो, ऊर भरून येतो, डोळे पाणावतात, अंगावर काटा येतो. या गटाने १९ देशांत, १५ भाषांत आणि साडेतीन हजारांवर लोकांत केलेल्या पाहणीत नेमकी हीच लक्षणं पुन्हा पुन्हा सापडली: ओले डोळे, शहारा, छातीत ऊब, घशात गोळा. आपल्या आज्यांनी बोलता बोलता जी यादी करून ठेवली होती, तीच प्रश्नावल्यांमधून परत आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांच्या सिद्धांताचा गाभा 'अचानक' या शब्दात आहे. दोन माणसांत नुसतं प्रेम असून गहिवर येत नाही. रोज सोबत राहणाऱ्या बायकोकडे पाहून आपण रोज रडत नाही. आपलेपणाचं नातं एकदम घट्ट झालं किंवा ते किती घट्ट आहे हे एकदम दिसलं, की गहिवर येतो. स्टेशनवर निरोपाचा हात हलवताना येतो आणि वर्षांनी परतलेल्याला मिठी मारतानाही. बेवरिज यांनी केलं ते याचं जवळजवळ शुद्ध उदाहरण आहे. बाहेर राहिलेला माणूस एका कृतीने आत ओढला गेला. दुसऱ्यांच्या बाबतीत घडलेलं पाहूनही हे होतं, म्हणूनच नियम न कळणाऱ्या माझ्याही घशात गोळा आला.

आणि अश्रू हे नुसतं आतलं काही बाहेर सांडणं नाही. नेदरलँड्समध्ये झालेल्या एका प्रयोगात लोकांना चेहऱ्यांची चित्रं फक्त ५० मिलिसेकंद दाखवली. ज्या चेहऱ्यांवर अश्रू होते, त्यांना आधाराची गरज आहे हे लोकांनी जास्त झटकन ओळखलं. गुडघा तुटायला लागतो तेवढाच वेळ, आणि तेवढ्यात समोरच्याला माझी व्यथा कळते.

लाख माणसांत हे घडतं तेव्हा आणखी एक गोष्ट होते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली लिहिलं, की माणसं एकत्र जमून एकाच गोष्टीकडे डोळे लावतात, एका तालात ओरडतात, तेव्हा त्यांच्यात वीज खेळावी तसं काही निर्माण होतं आणि प्रत्येकाला आपल्याहून मोठं काही जाणवतं. त्याला त्यांनी दिलेल्या नावाचं भाषांतर 'सामूहिक उन्माद' असं करतात. मला 'उधाण' हा शब्द जास्त बरा वाटतो. दुर्खीम स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेले नव्हते. त्यांचा मोठा आधार होता मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरेर्न्टा आदिवासींच्या विधींच्या नोंदी, ज्या बाल्डविन स्पेन्सर आणि फ्रँक गिलन यांनी केल्या होत्या. हे स्पेन्सर मेलबर्न विद्यापीठात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षं व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे अध्यक्षही होते. म्हणजे गर्दीच्या उधाणाच्या सिद्धांताला ज्यांच्या वह्यांनी खतपाणी घातलं, त्यांनीच पुढे याच खेळाचा कारभार पाहिला! हा दुवा हाती लागला तेव्हा मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

उधाण मोजता येतं का? स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके गावात लोक दरवर्षी निखाऱ्यांवरून चालतात. संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या छातीला यंत्रं लावून हृदयाचे ठोके नोंदले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणारा आणि त्याचे नातलग किंवा मित्र यांच्या ठोक्यांची लय सोबत चढत-उतरत होती. नातलग तर जागेवर बसलेले होते. शेजारीच बसून तेच दृश्य पाहणाऱ्या परक्यांच्या ठोक्यांत मात्र ही जुळणी नव्हती. डोळ्यांपुढचं दृश्य सारखं असूनही फरक पडला, तो नात्यामुळे.

बुलडॉग्जच्या चाहत्यांचं नातं कशाने घडलं? बहुतांशी हरण्याने. हा मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या फुट्सक्रे या कामगार वस्तीचा क्लब. १९२५ मध्ये तो मोठ्या लीगमध्ये आला, १९५४ मध्ये एकदा अजिंक्यपद मिळालं, १९६१ मध्ये अंतिम सामन्यात हार, आणि मग ५५ वर्षं अंतिम सामन्याचं तोंडही पाहिलं नाही. त्या काळात सात वेळा उपांत्य सामना गमावला. १९९७ मध्ये फक्त दोन गुणांनी. १९८९ मध्ये तर क्लब दुसऱ्या संघात विलीन करायचं ठरलं होतं. तेव्हा लोकांनी दारोदार डबे फिरवून पैसे जमवले आणि तो वाचवला. २००८, २००९ आणि २०१० असे लागोपाठ तीन उपांत्य पराभव मर्फीने स्वतः सोसले.

इंग्लंडमधल्या फुटबॉल चाहत्यांवरच्या एका अभ्यासात दहा वर्षांतल्या सर्वांत यशस्वी पाच आणि सर्वांत अपयशी पाच क्लबांच्या चाहत्यांची तुलना केली गेली. हरणाऱ्या क्लबांचे चाहते एकमेकांशी जास्त घट्ट बांधलेले आढळले. वेदनेच्या आठवणी मनात पुन्हा पुन्हा घोळवल्या जातात, त्या 'मी कोण' याचा भाग होतात, आणि त्याच वेदना दुसऱ्यानेही भोगल्या आहेत हे ठाऊक असलं की तो परका राहत नाही, असं त्यामागचं कारण अभ्यासक देतात. मला ते पटतं. फुट्सक्रेच्या लोकांना मर्फीत कर्णधार तर दिसत होताच, पण सोबत हरलेला माणूसही दिसत होता.

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी दूरचित्रवाणीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जडतं, त्याचं वर्णन केलं होतं. खेळाडू आणि चाहता यांच्या नात्यालाही आज तेच वर्णन लावतात. मर्फीच्या बाबतीत ते मला अपुरं वाटतं. तो मेलबर्नच्या वर्तमानपत्रात सदर लिहायचा, साधं आणि मोकळं. लोक त्याला शनिवारी पाहत आणि आठवड्यात वाचत. शिवाय एकतर्फी नात्यातही काळ खराच जातो. २००० साली तो पहिला सामना खेळला तेव्हा आठ वर्षांचं असलेलं मूल २०१७ मध्ये पंचविशीत होतं. माणसाला आयुष्यभर सर्वांत ठळक आठवतो तो साधारण दहा ते तीस वर्षांचा काळ, असं स्मृतीचे अभ्यासक सांगतात. त्या चाहत्याच्या अशा सगळ्या आठवणींत मर्फी कुठेतरी कडेला धावत होता. तो थांबतो तेव्हा ज्याला निरोप द्यायचा असतो, त्यात आपलंही थोडं वय असतं.

पदक मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मर्फीने ते बेवरिज यांना परत केलं. नव्या बंधाचा गुडघा घेऊन तो २०१७ मध्ये मैदानात परतला, ३०० सामन्यांचा टप्पा ओलांडला आणि ऑगस्टमध्ये निवृत्ती जाहीर केली. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

या खेळात एक सुंदर रिवाज आहे. क्रेप कागद आणि चिकटपट्ट्या जोडून चाहते भलामोठा फलक तयार करतात, त्यावर चार ओळी लिहितात, आणि खेळाडू मैदानात येताना तो फाडून धावत आत शिरतात. तासन्‌तास खपून केलेलं काम क्षणात फाटतं आणि करणाऱ्यांना त्याचंच समाधान असतं. निवृत्त होणाऱ्या मोठ्या खेळाडूला साथीदार खांद्यावर उचलून नेतात आणि प्रतिस्पर्धी दोन रांगा करून टाळ्या वाजवतात.

२५ ऑगस्ट २०१७, शुक्रवारची रात्र. मेलबर्नच्या डॉकलंड्स भागातलं छताचं मैदान, समोर हॉथॉर्नचा संघ. सोळा महिन्यांपूर्वी मर्फीचा गुडघा गेला तो याच मैदानावर, याच संघाविरुद्ध. हॉथॉर्नचा माजी कर्णधार ल्यूक हॉज याचाही आपल्या क्लबसाठी तो शेवटचा सामना, त्यामुळे निरोप दोन्हीकडे होता. बुलडॉग्ज आदल्या वर्षीचे विजेते, पण बाद फेरीची आशा जवळपास संपलेली होती. मर्फीचा तो ३१२वा सामना. बुलडॉग्ज ९ गुणांनी हरले, आणि फुट्सक्रेची माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवत उभी राहिली.