पार्श्वभूमी: ‘मान्यताप्राप्त’ इंजिनीअरिंग म्हणजे नेमकं काय?

प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की मुंबईतले पालक हमखास विचारतात, कॉलेज मान्यताप्राप्त आहे ना? या एका शब्दात तीन गोष्टींचा गुंता आहे. कॉलेज चालवायला केंद्रीय परिषद, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई), देते ती मान्यता. पदवी विद्यापीठाची मिळावी म्हणून लागते ती संलग्नता. आणि शिक्षणाचा दर्जा तपासून मिळते ती अधिस्वीकृती. स्टाफरूममध्ये तिला सगळे ‘ॲक्रेडिटेशन’च म्हणतात. पहिल्या दोन्हींशिवाय कॉलेजचं पान हलत नाही, तिसरी नसली तरी वर्ग भरतात. शिवाय ती मिळते एकेका शाखेला, तीही 3 किंवा 6 वर्षांपुरती. कॉम्प्युटरची अधिस्वीकृती सिव्हिलच्या मुलाच्या उपयोगाची नाही. जाहिरातीत हा फरक स्पष्ट लिहायलाच हवा.

1983 नंतर राज्यात विनाअनुदानित कॉलेजं निघाली. 1987 मध्ये परिषदेचा कायदा झाला आणि 1994 मध्ये तिच्याच छत्राखाली राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ (एनबीए) आलं. परवानगी देणाऱ्यानेच दर्जाही ठरवायचा, हे 2010 पर्यंत चाललं. मग मंडळ स्वायत्त झालं.

खरा बदल झाला तो वॉशिंग्टन करारामुळे, म्हणजे एकमेकांच्या अधिस्वीकृत इंजिनीअरिंग पदव्या समकक्ष मानण्याच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे. 2007 मध्ये भारत त्यात तात्पुरता सदस्य झाला, जून 2014 मध्ये पूर्ण. इमारत आणि यंत्रं किती, यापेक्षा विद्यार्थ्याला शेवटी काय जमतं, म्हणजे ‘निष्पत्ती’, याला महत्त्व आलं. पण त्याचबरोबर दोन स्तर पडले. विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजं ‘टिअर वन’मध्ये, संलग्न कॉलेजं ‘टिअर टू’मध्ये, आणि कराराचा लाभ फक्त पहिल्याला. कारण असं की संलग्न कॉलेज अभ्यासक्रम स्वतः ठरवत नाही, मग निष्पत्तीची जबाबदारी त्याच्यावर कशी टाकायची? तर्क बिनतोड आहे. तरी माझ्या मते अन्याय झाला तो मुलांवर. अधिस्वीकृती दोघांच्याही शाखेला, पण परदेशी कराराचा आधार एकालाच, आणि हे प्रवेश घेताना त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. पुढे मुंबईतली एकेक कॉलेजं ‘ऑटोनॉमस’ होत गेली, त्यामागे हेही एक कारण आहे.

कोर्स फाइल, म्हणजे एका विषयाच्या अध्यापनाची नोंदवही, उघडली की ही विसंगती डोळ्यांसमोर येते. विषयाच्या प्रत्येक निष्पत्तीपुढे पदवीच्या निष्पत्तींचे रकाने, त्यांत दोन्हींचा संबंध किती घट्ट हे सांगणारे 3, 2, 1 असे आकडे. अंतर्गत चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नाच्या समासात ‘सीओ-2’, ‘सीओ-4’; सीओ म्हणजे ‘कोर्स आउटकम’, विषयाची निष्पत्ती. चाचणी आपली असते, तेव्हा निष्पत्ती आधी ठरते आणि प्रश्न नंतर लिहिला जातो. हे काम मनापासून केलं तर शिकवण्यात फरक पडतो, हे मी अनुभवलं आहे.

मंडळाच्या नव्या आराखड्यात पदवीच्या 12 निष्पत्तींच्या 11 झाल्या. समाज आणि पर्यावरण हे दोन रकाने एकत्र आले. तक्ते पुन्हा आखावे लागले. संलग्न कॉलेजात सत्राचा पेपर मात्र विद्यापीठाकडूनच येतो, आणि त्यातल्या प्रश्नांपुढचा ‘सीओ’ आम्ही परीक्षा झाल्यावर लावत बसतो.