४४५ दिवसांचं वर्ष

इ.स.पू. १९० मध्ये रोमवर सूर्यग्रहण झालं. इतिहासकार लिव्हीने त्याची तारीख दिली आहे ११ जुलै. आज चंद्र-सूर्याच्या गतीचं गणित उलटं मांडलं की हेच ग्रहण १४ मार्चला सापडतं. ग्रहणाची वेळ कोणाच्या हातात नसते. पुढे पळालं होतं ते रोमचं कॅलेंडर, तेही जवळजवळ चार महिन्यांनी. इ.स.पू. १६८ मध्ये मॅसिडोनियातल्या पिडनाच्या लढाईआधी चंद्रग्रहण झालं. रोमन तारखेनुसार ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, गणितानुसार २१ जूनला. म्हणजे बावीस वर्षांत फरक चार महिन्यांवरून अडीच महिन्यांवर आला होता. चूक ठरावीक असती तर एकदाच वजा करून भागलं असतं. इथे ती कमीजास्त होत होती.

मूळ अडचण साधी होती. रोमन वर्ष ३५५ दिवसांचं. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून साधारण वर्षाआड फेब्रुवारी २३ किंवा २४ तारखेला तोडायचा आणि पुढे एक जादा महिना घालायचा. त्याने वर्ष २२-२३ दिवसांनी वाढे. आपल्याकडच्या अधिक मासाची कल्पना याच जातीची. पण आपला धोंड्याचा महिना सूर्य ठरवतो: ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक. रोममध्ये हे ठरवत पोंटिफ, म्हणजे धर्माधिकाऱ्यांचं मंडळ, आणि ही मंडळी राजकारणात पुरती बुडालेली. पदं एका वर्षाची असत. मित्र पदावर असला की वर्ष लांबवा, विरोधक असला की आखूड ठेवा, असा आरोप त्यांच्यावर प्राचीन लेखकांनीच केला आहे. किलिकिया या दूरच्या प्रांताचा कारभार पाहायला गेलेला राजकारणी आणि वक्ता सिसेरो तिथे इतका कंटाळला होता, की यंदा जादा महिना पडू देऊ नका म्हणून रोममधल्या मित्राला पत्रांतून विनवत होता.

या मंडळाचा प्रमुख इ.स.पू. ६३ पासून खुद्द ज्युलिअस सीझर होता. आधी गॉलची (आजच्या फ्रान्सकडची) मोहीम, मग यादवी युद्ध. एवढ्या काळात जादा महिने बहुतेक राहूनच गेले. सुधारणेचं श्रेय त्याला देताना हे सहसा कोणी सांगत नाही. इ.स.पू. ४६ चा १ जानेवारी उजाडला तेव्हा ऋतूंच्या हिशोबाने ऑक्टोबरचा मध्य होता. सुगीचे सण सुगीत येईनात.

सीझरने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस या खगोलज्ञाचा सल्ला घेतला. इजिप्तमध्ये ३६५ दिवसांचं वर्ष रुळलेलं होतं, आणि दर चार वर्षांनी एक दिवस वाढवण्याचा हुकूम तर इ.स.पू. २३८ मध्येच निघाला होता. तो कोणी पाळला नाही, एवढंच. सीझर सर्वसत्ताधीश होता, त्याला नाही कोण म्हणणार? त्याने इ.स.पू. ४६ मध्ये आधी नेहमीचा जादा महिना घातला, तेव्हा वर्ष ३७८ दिवसांचं झालं. मग नोव्हेंबर आणि डिसेंबर यांच्यामध्ये आणखी दोन महिने, ६७ दिवसांचे. एकूण ४४५. पुढे मॅक्रोबिअस या रोमन लेखकाने याला ‘गोंधळाचं शेवटचं वर्ष’ म्हटलं. सिसेरोचा टोमणा चरित्रकार प्लुटार्कने जपून ठेवला आहे: उद्या वीणा नक्षत्र उगवणार, असं कोणी म्हणालं, त्यावर सिसेरो म्हणाला, “हो, हुकूमच आहे तसा.”

इ.स.पू. ४५ पासून ३६५ दिवसांचं वर्ष आणि दर चौथ्या वर्षी लीप दिवस सुरू झाला. पुढच्याच वर्षी सीझरचा खून झाला आणि कॅलेंडर पुन्हा पोंटिफांच्या हाती आलं. रोमन लोक मोजताना सुरुवातीचं वर्षही धरत, त्यामुळे त्यांचं ‘चौथं वर्ष’ तीन वर्षांनीच येई. छत्तीस वर्षांत नऊऐवजी बारा लीप दिवस पडले. शेवटी सम्राट ऑगस्टसने हे तीन जादा दिवस फिटेपर्यंत लीप वर्षं बंद ठेवली, आणि इ.स. ८ पासून सोसिजेनिसचा हिशोब एकदाचा जसाच्या तसा लागू झाला.