समोर कोण उभं आहे? अभिनयाच्या वर्गातल्या उताऱ्यांची पार्श्वभूमी

"सर, एखादा तीन मिनिटांचा उतारा द्या ना, चाचणीला म्हणायचाय." नाट्यशिक्षणाच्या अभ्यासक्रमांचे प्रवेश जवळ आले की ही विनंती येतेच. आणि कपाटात हात घातला की हाताला लागतात त्या बहुतेक वेळा दोनच गोष्टी: दिवाकरांच्या नाट्यछटा, म्हणजे एकाच माणसाच्या तोंडची छोटी नाट्यमय बोलणी, आणि 'नटसम्राट'. नाट्यछटा शाळेत असतानाच म्हणून झालेल्या असतात. दुसरं एका थकलेल्या, घराबाहेर पडलेल्या म्हाताऱ्या नटाचं बोलणं आहे. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला, आणि मुलीला तर त्याहून जास्त, आपल्या वयाचं आणि आपल्या तोंडात बसेल असं काही हवं असतं. ते मिळत नाही. का मिळत नाही, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

भरतमुनींच्या परंपरेत एकट्याच्या बोलण्याचे प्रकार नीट वेगळे केलेले आहेत. स्वगत म्हणजे मनातलं बोलणं. रंगमंचावरच्या इतर पात्रांना ते ऐकू येत नाही असं मानायचं. जनान्तिक आणि अपवारित म्हणजे काहींना ऐकू जाणारं, काहींपासून लपवलेलं. आणि आकाशभाषित म्हणजे रंगमंचावर नसलेल्या माणसाशी केलेलं संभाषण. दहा रूपकांपैकी, म्हणजे संस्कृत नाटकाच्या दहा प्रकारांपैकी, 'भाण' हा प्रकार तर या आकाशभाषितावरच उभा आहे. एकच नट. तो रस्त्यातून चालतो, थांबतो, कुणाला तरी हाक मारतो, "किं ब्रवीषि?", काय म्हणतोस, असं विचारतो आणि त्या न दिसणाऱ्या माणसाचं उत्तर स्वतःच म्हणून दाखवतो. 'चतुर्भाणी' म्हणून ओळखले जाणारे चार जुने भाण वाचले की एका नटाच्या मानेच्या वळण्यातून अख्खी पेठ कशी उभी राहते ते कळतं.

स्वगत आणि आकाशभाषित यांतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. एकात ऐकणारा कुणी नाही, दुसऱ्यात आहे पण दिसत नाही. आपले उताऱ्यांचे संग्रह हे दोन्ही सरसकट 'स्वगतं' म्हणून छापतात, आणि विद्यार्थी दोन्ही एकाच पद्धतीनं, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणतो.

मराठीत ही दुसरी वाट कीर्तनात आणि भारुडात टिकून राहिली. एकनाथांच्या भारुडांत जोशी येतो, वासुदेव येतो, विंचू चावलेली बाई येते. प्रत्येक जण थेट समोरच्याला धरून बोलतो. आवाज बदलणं, पात्रात शिरणं आणि बाहेर येणं, श्रोत्याला पात्र करून घेणं, हे सगळं शिक्षण त्यात आहे. अभिनयाच्या विद्यार्थ्याला पहिला उतारा म्हणून मी भारूड देतो. त्याला परवानगी लागत नाही, वय आड येत नाही आणि बोलीची लाज वाटत नाही.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा नटाच्या हातात पाठ करायला संवाद नव्हतेच. पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं प्रसंगाला धरून आपल्या मनचं बोलायची. लिखित नाटक रुळलं, नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या, तशी नटाच्या हाती 'नक्कल' आली. नक्कल म्हणजे पूर्ण नाटक नव्हे. फक्त आपली भाषणं आणि समोरच्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द. ती हातानं उतरवून घ्यायची, पाठ करायची आणि तालीममास्तरांसमोर म्हणायची. आजच्या उतारासंग्रहाची ही खरी पूर्वज. तिचा दोषही वारशात आला आहे: समोरचा काय बोलतो हे वाचायची सवय नाही. फक्त त्या काळी नटाला समोरचा माणूस तालमीत भेटायचा. संग्रहातून उतारा उचलणाऱ्याला तो भेटतच नाही.

मोठ्या स्वगतांची आवड लागली ती शेक्सपिअरमुळे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 'ऑथेल्लो' मराठीत आणलं १८६७ मध्ये, आगरकरांचं 'विकारविलसित' म्हणजे 'हॅम्लेट' आलं १८८३ मध्ये, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी हॅम्लेट असा गाजवला की ती भूमिका त्यांच्याच नावानं ओळखली जाऊ लागली. एकटा नट पुढे येतो आणि मनातलं द्वंद्व प्रेक्षकांसमोर मांडतो, ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला मनापासून भावली. गडकऱ्यांनी ती आपल्या भाषेच्या सगळ्या ऐश्वर्यानिशी पुढे नेली. 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्येच रंगमंचावर आलं. त्यातली सुधाकरची भाषणं आणि 'राजसंन्यास'मधला संभाजी आजही स्पर्धांतून ऐकू येतात. श्वासावर ताबा, लांब वाक्याचा तोल, शब्दांची चढण हे शिकायला गडकऱ्यांसारखा दुसरा गुरू नाही. पण सुधाकरची बायको सिंधू पहिल्यांदा उभी केली ती बालगंधर्वांनी. बाईचं बोलणं पुरुषाच्या गळ्यासाठी घडवण्याचा तो काळ होता. आजच्या मुलीला त्या काळातले उतारे परके वाटतात, त्याला हेही कारण आहे.

याच सुमाराला पुण्यात एक शाळामास्तर अगदी वेगळं काही लिहीत होते. शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे दिवाकर. जन्म १८८९, मृत्यू १९३१. आयुष्य जेमतेम बेचाळीस वर्षांचं. १९११ पासून त्यांनी नाट्यछटा लिहायला घेतल्या आणि एकूण एक्कावन्न लिहिल्या. प्रेरणा इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगच्या नाट्यात्मक एकभाषितांची. ब्राउनिंगच्या गाजलेल्या कवितेतला ड्यूक आपल्या मृत पत्नीचं चित्र दाखवत बोलत राहतो. ऐकणारा दूत एक शब्दही बोलत नाही, आणि तरी त्याचं तिथं असणं आपल्याला सतत जाणवतं. दिवाकरांनी हे तंत्र घेतलं आणि पेठेतल्या वाड्यात आणून बसवलं. त्यांच्यात कविता नाही, राजे नाहीत. आहेत ती ओसरीवर, माजघरात, रस्त्यावर बोलणारी माणसं. 'पंत मेले – राव चढले' हे शीर्षकच बघा. किंवा 'कारण चरित्र लिहायचे आहे!' बोलणारा स्वतःविषयी एक समजतो आणि त्याच्याच तोंडून आपल्याला दुसरंच कळतं.

दिवाकरांचं छापील पान डोळ्यांसमोर आणा. वाक्यं तुटक. मध्येच टिंबं, मध्येच रेघ, मध्येच "काय? छे हो!" असा उद्गार. ही टिंबं म्हणजे शोभा नव्हे. तिथं समोरचा बोलतो आहे. नाट्यछटेचं अर्धं लेखन त्या न छापलेल्या वाक्यांत आहे. भाणातला नट "काय म्हणतोस?" विचारून उत्तर सांगून तरी टाकायचा, दिवाकरांनी तेही काढून घेतलं. ते आता नटानं ऐकायचं, आणि प्रेक्षकाला त्याच्या चेहऱ्यावर दिसायला हवं. ऐकण्याचा अभिनय शिकवणारं इतकं नेमकं साहित्य मराठीत त्या आधी नव्हतं, आणि नंतरही फारसं झालं नाही.

म्हणूनच शाळांतून नाट्यछटेचं जे झालं त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका आंतरशालेय स्पर्धेत मी परीक्षक होतो. लागोपाठ वीसेक मुलं आली. प्रत्येकाचे हातवारे ठरलेले, प्रत्येक जण शेवटी हात जोडून काहीतरी बोध सांगून गेला, आणि एकाचीही नजर कुठल्याही समोरच्या माणसावर ठरली नाही. मुलांचा दोष नव्हता. त्यांना वक्तृत्व शिकवलं होतं, नाव मात्र नाट्यछटेचं दिलं होतं.

पुढे १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं आणि वास्तववादाचं वारं आत आलं. खोलीतली माणसं एकमेकांशीच बोलणार, तर स्वगताला जागा कुठून? मोठं भाषण हळूहळू मागे पडलं, आणि त्याबरोबर नव्या नाटकांतून उचलता येतील असे उतारेही कमी झाले. टंचाईचं हे एक मूळ.

दुसरं मूळ कायद्यात आहे, आणि त्याबद्दल शिकवणारेही क्वचितच बोलतात. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं लेखनाचा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. दिवाकर आणि गडकरी कधीच खुले झाले, म्हणून ज्याला संग्रह काढायचा तो त्यांच्यापासून सुरुवात करतो आणि पुष्कळदा तिथंच थांबतो. 'नटसम्राट'चे लेखक शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, तेंडुलकर २००८ मध्ये. त्यांचा उतारा छापायचा तर परवानगी हवी. महाविद्यालयात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता प्रयोग करायला कायदा आडकाठी करत नाही. बाहेरच्या स्पर्धेचं किंवा तिकिटाच्या खेळाचं तसं नाही, तिथं आधी विचारायलाच हवं. म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं उत्तम ते मूळ नाटकांच्या पुस्तकांत आहे, संग्रहांत नाही. विद्यार्थ्याला संग्रह देऊ नका, नाटक द्या, असं मी म्हणतो त्यामागे हेही कारण आहे.

आणि त्या उत्तरार्धात काय काय आहे! १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा, १९६३ पासून पुण्यात महाविद्यालयीन मुलांचा पुरुषोत्तम करंडक. नव्या लेखनाला रंगमंच मिळाला. १९६७ च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं बेणारेबाईंचं शेवटचं भाषण दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे तेंडुलकरांनी अगदी ऐनवेळी लिहून दिलं आणि सुलभा देशपांडे यांनी ते अजरामर केलं. १९७० च्या डिसेंबरात 'नटसम्राट' आलं, डॉ. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर पाहिलेल्या पिढीनं "कुणी घर देता का घर" घराघरांत पोचवलं. १९७४ च्या 'महानिर्वाण'मध्ये सतीश आळेकरांनी मेलेल्या भाऊरावांनाच कीर्तनाच्या ढंगात बोलायला उभं केलं. भाणापासून निघालेली ती जुनी वाट इथं पुन्हा वर आलेली मला दिसते.

एकपात्रीचा प्रवाह याला समांतर. 'बटाट्याची चाळ' १९६१ मध्ये रंगमंचावर आली, लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' १९७९ मध्ये, सुषमा देशपांडे यांचं 'व्हय, मी सावित्रीबाई' १९८९ मध्ये. एकपात्री आणि उतारा यांची गल्लत मात्र करू नये. एकपात्रीत एक नट अनेक माणसं होतो. चाचणीला अनेकदा एक माणूस पुरता व्हायचा असतो. पण सावित्रीबाईंच्या तोंडची ती सरळ बोली मुलींसाठी मोठा आधार ठरली, कारण तिथं बाई रडत किंवा विनवत नाही, ती आपलं काम सांगते.

बोलीचा प्रश्न राहतोच. बहुतेक संग्रहांची भाषा पुण्या-मुंबईची. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड'नं मराठवाड्याची बोली हजारो प्रयोगांतून ऐकवली, तरी बीडचा किंवा कुडाळचा मुलगा चाचणीला आला की आधी आपली जीभ 'सुधारून' घेतो. पुण्यात १९८७ मध्ये ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठात २००३ मध्ये नाट्यकला अकादमी, औरंगाबादचा (आताच्या छत्रपती संभाजीनगरचा) नाट्यशास्त्र विभाग, पणजीची कला अकादमी. शिक्षणाची दारं वाढली आणि सगळ्या जिल्ह्यांतली मुलं आत आली. उतारे मात्र त्या वेगानं बदलले नाहीत.

शिकवणाऱ्यांसाठी पुस्तकं थोडी, पण कसदार. गोदावरी केतकर यांचं भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावरचं काम, के. नारायण काळे यांनी रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीवरून केलेली 'अभिनयसाधना', लागूंचं 'वाचिक अभिनय'. शेवटचं बारीकसं आहे, पण उच्चार, विराम आणि आघात यांवर इतकं रोखठोक मराठीत दुसरं मला सापडलेलं नाही.

वर्गात मी एक करतो. नाट्यछटेची छायाप्रत देतो आणि शिसपेन्सिल. प्रत्येक टिंबाच्या जागी समोरचा काय म्हणाला ते लिहून आणायचं. मग वर्गातला दुसरा विद्यार्थी ती वाक्यं खुर्चीत बसून मोठ्यानं म्हणतो. दोन दिवसांनी मनात म्हणतो. मग उठून जातो आणि खुर्ची राहते. शेवटी खुर्चीही काढायची. कोकणातून आलेल्या एका मुलानं यात आपली मालवणी वाक्यं भरली होती, आणि त्याचं पुणेरी बोलणं पहिल्यांदाच कुणाला तरी दिलेलं उत्तर वाटलं.

गेल्या खेपेला एक मुलगी बेणारे घेऊन आली. पाठ चोख, आवाज भरलेला. भाषण संपल्यावर मी विचारलं, "हे कोण कोण ऐकतंय?" ती म्हणाली, "सगळे. कोर्टात उभी आहे ना ती." नाटकात आरोपीला बोलायला दहा सेकंद दिलेली असतात. ते सगळं लांबलचक बोलणं त्या दहा सेकंदांच्या पोटात होतं, आणि कोर्टाच्या लेखी आरोपीनं काहीच सांगितलेलं नसतं. तिच्या हातातल्या दोन पानांच्या छायाप्रतीत यातलं काहीही नव्हतं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे मी बोलत असताना बाकीचे तिथंच असतात, आणि कुणालाच ऐकू येत नाही?" चाचणीला तेव्हा नऊ दिवस उरले होते. आम्ही छायाप्रत बाजूला ठेवली आणि पहिल्या अंकापासून नाटक वाचायला घेतलं.