अंगतपंगत आणि पॉटलक: डबा दोन्हीकडे न्यायचा, मग फरक काय?

पॉटलक म्हणजे आपली अंगतपंगतच की, नुसतं नाव इंग्लिश, असं ग्रुपवर कोणीतरी लिहितं, बाकीचे खाली अंगठे टाकतात आणि मग रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये घोळ होतो. अर्धी मंडळी आपल्या चौघांपुरता पोळीभाजीचा डबा घेऊन येतात, उरलेले पातेलंभर छोले नाहीतर ट्रेभर कटलेट घेऊन, आणि मग डबेवाले ओशाळून आपला डबा पिशवीतच ठेवतात. चूक कोणाचीच नसते हो, दोघांना वेगवेगळा कार्यक्रम कळलेला असतो एवढंच.

तर आधी सरळ सांगते. अंगतपंगतीत प्रत्येकजण आपलं पूर्ण जेवण आणतो, म्हणजे पोळी, भाजी, असलीच तर चटणी-कोशिंबीर, आणि गोल करून बसलं की एकमेकांच्या डब्यात हात घालायचा. कोणी आलं नाही तरी तुम्ही उपाशी राहत नाही, कारण तुमचं जेवण तुमच्याजवळ आहे. शाळेच्या मधल्या सुट्टीत होते ती हीच, ऑफिसात दीड वाजता होते ती हीच, आणि गोपाळकाल्याची गोष्टही मुळात हीच, सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या आणि एकत्र कालवल्या. पॉटलकमध्ये मात्र तुम्ही एकच पदार्थ आणता, पण सगळ्यांना पुरेल असा, आणि तुमचं बाकीचं जेवण दुसऱ्यांच्या भांड्यात असतं. भातवाले ट्रॅफिकमध्ये अडकले तर सगळ्यांचाच भात अडकला. (पंगत हा तिसराच प्रकार, तिथे आचारी एक आणि आपण फक्त पानावर बसायचं. भिशीत जिचा नंबर तिने करायचं नाहीतर हॉटेलात न्यायचं. ते दोन्ही इथे सोडून देऊ.)

आता हा फरक नुसता मापाचा वाटतो, पण स्वयंपाक करणाऱ्या माणसाला तो एकदम वेगळा जाणवतो, आणि माझं म्हणणं असं आहे की अंगतपंगतीत आपण नवीन पदार्थ खातो आणि पॉटलकमुळे नवीन पदार्थ करतो. दोन्हीतून घरात नवीन रेसिपी येते, पण येण्याचा रस्ता वेगळा.

अंगतपंगतीचं बघा. त्या डब्यात काय असतं, तर सकाळी सातच्या घाईत झालेलं. दोडक्याची भाजी, काल रात्रीची उसळ, मटकी, बटाट्याच्या काचऱ्या. तिथे कोणी प्रयोग करत नाही आणि कोणाची अपेक्षाही नसते. पण तुमचं रोजचं हे माझ्यासाठी रोजचं नसतं ना! मूळची पुण्याची बाई नागपूरच्या कलीगचा डबा उघडलेला बघते आणि त्यात गोळा भात असतो, म्हणजे भिजवून भरड वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे तिखटमिठाचे गोळे शिजत आलेल्या भातात ठेवून वाफवलेले, आणि खाताना गोळा भातात कुस्करायचा, वरून मोहरी-हिंग-लाल मिरचीची कडकडीत फोडणी भरपूर तेलातली. ही फोडणी तो छोट्या डबीत वेगळी आणतो, कारण आधीच ओतली तर दुपारपर्यंत भात सगळं तेल पिऊन बसतो. आता हे बारकं शहाणपण यूट्यूबवर कोणी सांगत नाही हो, ते डब्याशेजारी बसूनच कळतं. तसंच खानदेशची कळण्याची भाकरी, मराठवाड्यातली येसर आमटी, सीकेपी घरातलं वालाचं बिरडं, गोव्याकडचं खतखतं, या गोष्टी हॉटेलात फारशा मिळत नाहीत आणि लग्नाच्या जेवणातही क्वचित, त्या एका डब्यातून दुसऱ्या डब्यात सरकतात. आणि सरकतात त्या चौघांच्या प्रमाणात, रोजच्या वेळेत बसणाऱ्या, म्हणून घरात टिकतात.

पण एक आहे, अंगतपंगत तुम्हाला काही करायला लावत नाही. तुम्ही वर्षभर तोच मेथीचा पराठा नेलात तरी कोणी काही म्हणत नाही, उलट लोक त्याची वाट बघतात.

पॉटलक काय करतं तर आधी तुमच्या डोक्यावरचं बाकीचं जेवण काढून घेतं. एरवी घरी पाहुणे यायचे म्हणजे वरण-भात, दोन भाज्या, कोशिंबीर, गोड, पोळ्या, एवढं सगळं एकटीने उभं करायचं असताना कोण नवीन रेसिपीच्या नादी लागेल, तिथे हात आपोआप पाठ असलेल्या पदार्थाकडेच जातो. पॉटलकला एकच पदार्थ. अख्खी सकाळ त्या एकाला देता येते. आणि तो फसला तरी टेबलावर आणखी नऊ भांडी आहेत, कोणी उपाशी जात नाही, हा धीर फार मोठा असतो आणि तो कोणी बोलून दाखवत नाही. घरी नवीन भाजी बिघडली तर रात्री दहाला खिचडी टाकायला लागते आणि वर पोरांची तोंडं बघायची.

दुसरं म्हणजे ती यादी. कोण काय आणणार याची गूगल शीट फिरते आणि तुम्ही जरा उशिरा उघडलीत की छोले गेले, जीरा राईस गेला, गुलाबजाम गेले, पावभाजी तर पहिल्या पाच मिनिटांत गेली. उरलं काय तर सॅलड, स्टार्टर आणि "दुसरं गोड". बॅचलर लोक पेपर प्लेट आणि कोल्ड ड्रिंक घेऊन मोकळे होतात, तो कप्पाही भरलेला. मग माणूस मुकाट्याने आठवायला लागतो की सासूबाई सुरळीच्या वड्या करायच्या त्या कशा. नवीन पदार्थ करायची हौस होती म्हणून नाही, जुना पदार्थ दुसऱ्याने उचलला म्हणून. मला विचाराल तर पॉटलकची खरी गंमत या रिकाम्या उरलेल्या ओळीत आहे.

आणि त्यात पथ्यं असतात. एकीचं श्रावणात कांदा-लसूण बंद, एक कुटुंब जैन म्हणजे बटाटाही नाही, एकाचा मुलगा व्हीगन झालाय म्हणजे दूध-दही-तूपही नाही, एकीला गहू चालत नाही. अंगतपंगतीत हा प्रश्नच येत नाही कारण ज्याचं त्याचं जेवण ज्याच्या त्याच्या डब्यात असतं. पॉटलकमध्ये मात्र तुमच्या एका पदार्थाने शक्य तितक्यांना चालायला हवं, आणि मग आपलंच जुनं काहीतरी कामाला येतं: सोलकढी नारळाच्या दुधाची, म्हणजे व्हीगनवाला खूश (लसूण तेवढी घालू नका), वरईचा भात, साबुदाण्याचे पापड. गव्हाच्या बाबतीत मात्र एक खाच आहे जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. पदार्थ तांदूळ-डाळीचा असला तरी त्यातला हिंग बघा. बाजारात डबीत मिळतो तो बहुतेक बांधानी हिंग, शुद्ध नव्हे, आणि त्यात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असू शकतं. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ज्याला खरंच गहू सोसत नाही त्याच्यासाठी फोडणीतली ती चिमूटही त्रासाची, तेव्हा तांदळाच्या पिठातला हिंग शोधा नाहीतर सरळ वगळा.

बरं, सुरळीच्या वड्यांकडे येऊ, कारण पॉटलकचा पदार्थ आणि डब्याचा पदार्थ यातला फरक त्यात लख्ख दिसतो. घरच्यासाठी एक वाटी बेसन, एक वाटी आंबट ताक, दोन वाट्या पाणी, हळद, मीठ, आलं-मिरची, गुठळ्या न होऊ देता एकजीव करायचं आणि मंद आचेवर हलवत राहायचं. झालं का हे बघायला चमचाभर ताटाच्या मागच्या बाजूला पसरायचं, मिनिटभरात सुटून गुंडाळलं गेलं तर झालं, चिकटलं तर अजून घोटा. इथपर्यंत सोपं. आता वीस माणसांसाठी म्हणून तुम्ही चार वाट्या बेसन एकदम चढवलंत की संपलं, कारण हे मिश्रण गरम असतानाच पसरायला लागतं, आणि तुमची तिसरी थाळी पसरून होईपर्यंत कढईत उरलेलं घट्ट होऊन बसतं, मग ते ना पसरत ना गुंडाळलं जात. एकेका वाटीचे चार घाणे करायचे, दुसरा इलाज नाही, आणि थाळ्या पसरायला घरातलं दुसरं माणूस उभं करायचं. खोबरं-कोथिंबीर घरून, वरची फोडणी मात्र तिथे पोचल्यावर. चौपट माणसं म्हणजे चौपट सगळं असं चालत नाही हे माणूस पॉटलकमध्येच शिकतो. चौपट तांदळाला पाणीही चौपट घातलं तर भाताचा मऊ गिचका होतो कारण मोठ्या पातेल्यात त्या मानाने वाफ कमी जाते. फोडणीचं तेल, तिखट, लवंग-दालचिनी हातचं राखून घालायचं आणि मग चव बघून वाढवायचं, जास्त झालेलं काढता येत नाही.

किती करायचं यातही लोक दोन्हीची सरमिसळ करतात. वीसजण आहेत आणि पदार्थ दहा, तर प्रत्येकजण तुमच्या भांड्यातले दोन-तीन चमचेच घेणार, त्याने पोट भरायचं नाहीये. पण प्रत्येक घर वीसजणांच्या पोटभरीचं करतं आणि मग रात्री सगळ्यांच्या फ्रीजमध्ये सगळ्यांचे छोले. घरच्या आठ-दहा माणसांना जेवढं कराल तेवढं वीसजणांच्या पॉटलकला पुष्कळ होतं.

पॉटलक जिथे मुरलंय त्या अमेरिकेत तर या प्रकाराने अख्खी पदार्थांची जात तयार केली. तिथे चर्चच्या तळघरात, शाळेच्या कार्यक्रमाला असं जेवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि त्यातून कॅसरोल नावाचा प्रकार फोफावला, म्हणजे एका खोल ट्रेमध्ये सगळं थरावर थर घालायचं, ओव्हनमध्ये भाजायचं, त्याच ट्रेमधून न्यायचं आणि त्याच ट्रेमधून वाढायचं. फरसबीचा जो प्रसिद्ध कॅसरोल थँक्सगिव्हिंग या तिकडच्या सणाला होतो तो 1955 साली कॅम्पबेल या सूपच्या कंपनीच्या प्रयोगघरात डॉर्कस रायली यांनी बसवला, डब्यातलं मशरूमचं सूप, फरसबी आणि वर तळलेला कांदा. तिथल्या मिनेसोटा राज्यात याच घराण्यातल्या पदार्थाला हॉटडिश म्हणतात. मुद्दा काय, तर भांडं ठरलं की पदार्थ त्याप्रमाणे वळतो. आपल्या डब्याच्या कप्प्याने सुक्या भाज्या जगवल्या तसंच. तिकडच्या मराठी घरांतही गणपती-दिवाळीच्या पॉटलकला मसालेभात ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये फॉइल लावून जातो आणि ओव्हनमध्ये गरम होतो.

आणखी एक फरक आहे तो वेळेचा. डबा उघडला की पंधरा मिनिटांत संपतो. पॉटलकचं टेबल मात्र लोक येईपर्यंत, फोटो काढेपर्यंत, हौजी संपेपर्यंत तसंच मांडलेलं असतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा आहे की शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिलमधलं पुणं नाहीतर नागपूर डोळ्यांपुढे आणा. भात तर विशेष जपायचा, कारण शिजल्यावरही त्यात टिकून राहणारे जंतू कोमट भातात वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम करून जात नाही. म्हणून नवीन पदार्थ निवडताना दहीवडे, क्रीमचं सॅलड असलं काही उन्हाळ्यात नकोच. अळूवडी, कोथिंबीर वडी बेस्ट, उंडे घरी वाफवायचे, तिथे कापून परतायचे.

आता पॉटलकचं सगळं गोडच आहे असं नाही. एकदा का तुमची अळूवडी गाजली की संपलं, पुढच्या प्रत्येक वेळी शीटवर तुमच्या नावापुढे कोणीतरी परस्पर "अळूवडी!!" लिहून ठेवतं आणि तुम्ही त्या पदार्थाला कायमच्या बांधल्या जाता, म्हणजे ज्या कार्यक्रमाने नवीन करायला लावलं तोच मग नवीन करू देत नाही. यावर मी बघितलेला उपाय म्हणजे आधीच नियम करायचा की मागच्या वेळचा पदार्थ परत आणायचा नाही. काहीजणी वैतागतात, पण चालतं. दुसरं, चढाओढ. मग ढोकळा दुकानातून येतो आणि घरच्या काचेच्या बाउलमध्ये शिफ्ट होतो, वर आपली कोथिंबीर. सगळ्यांना कळतं, कोणी बोलत नाही. अंगतपंगतीत ही भानगड नाही कारण दोडक्याच्या भाजीत कसली आलीये चढाओढ.

म्हणून आमच्या मैत्रिणींत आता सरमिसळ न करता दोन्ही चालतं, आठवड्यात कधीतरी अंगतपंगत आणि सणासुदीला पॉटलक, आणि एकमेकींच्या डब्यात जे आवडलं ते पॉटलकला स्वतः करून आणायचं. गोळा भात असाच आला, पहिल्यांदा गोळे भातात विरघळले होते तरी पातेलं रिकामं झालं, मग नागपूरवाल्याने सांगितलं की डाळ वाटताना पाणी अजिबात घालायचं नाही आणि भातातलं पाणी आटल्याशिवाय गोळे ठेवायचे नाहीत. पुढच्या गणपतीत उरलेल्या ओळीत मी पाटवडी रस्सा लिहून टाकलाय, वड्या आणि रस्सा वेगवेगळ्या डब्यांत नेणार, आणि रस्सा किती तिखट करायचा यावर अजून भांडण चालू आहे.