आयरिश फिडलवादनाची आरंभीची ध्वनिमुद्रणे

आयर्लंडच्या पारंपरिक फिडलवादनाच्या (फिडल म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन) ज्या ध्वनिमुद्रिकांनी पुढच्या पिढ्या घडवल्या, त्या आयर्लंडमध्ये नव्हे तर न्यूयॉर्कमध्ये तयार झाल्या. त्यांचा मुख्य काळ १९२१ ते १९३६.

त्याआधीचे मुद्रण हौशी होते. शिकागोचे पोलीसप्रमुख आणि धुनांचे नामांकित संग्राहक फ्रान्सिस ओ'नील यांच्या वर्तुळात मेणाच्या सिलिंडरवर वादन टिपले जाई. फिडलवादक एडवर्ड क्रोनिन यांचे वादन असे वाचले; हे सिलिंडर जवळजवळ शतकभराने मिलवॉकीत एका कुटुंबाच्या सामानात सापडले.

धंद्याची सुरुवात एका दुकानदारीणबाईंमुळे झाली. न्यूयॉर्कमध्ये दुकान चालवणाऱ्या एलन ओ'बर्न डिविट यांच्याकडे गिऱ्हाइके आयरिश संगीताच्या तबकड्या मागत, आणि त्या तर निघतच नव्हत्या. १९१६ साली त्यांनी पाचशे प्रती स्वतः उचलायची हमी दिली, तेव्हा कुठे कोलंबिया कंपनी तयार झाली. ती पहिली तबकडी अकॉर्डियन आणि बँजोची होती. पण स्थलांतरित आयरिश माणूस गावाकडच्या सुरांसाठी पैसे मोजतो, हे कंपन्यांना कळून चुकले.

या संधीचे सोने केले आयर्लंडच्या वायव्येकडील स्लायगो परगण्यातल्या फिडलवादकांनी. मायकल कोलमन (१८९१–१९४५) १९१४ मध्ये अमेरिकेत आला. पाठोपाठ जेम्स मॉरिसन आणि पुढे पॅडी किलोरन. कोलमनचा गज हलका, वेगवान. एकाच रीलच्या (रील म्हणजे जलद लयीची नाचाची धून) प्रत्येक आवर्तनात तो बारीकसारीक फेरफार करी. तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटेच मावत. तेवढ्यात दोन-तीन धुना सलग बसवाव्या लागत. १९३४ साली डेक्का कंपनीसाठी त्याने ‘टारबोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘सेलर्स बॉनेट’ हे तीन रील एकापाठोपाठ वाजवले. आजही बैठकीत पहिला रील सुरू झाला, की पुढचे दोन बहुतेकदा याच क्रमाने येतात.

साथीच्या पियानोबद्दल मात्र बोलू नये हेच बरे. स्टुडिओत बसवलेल्या पियानोवादकाला धून ठाऊक असेलच असे नाही; काही तबकड्यांवर तो चक्क चुकीच्या सुरावटीत ठोकत राहतो आणि फिडल तिकडे ढुंकूनही न पाहता पुढे जाते. १९२५ नंतर कर्ण्याऐवजी मायक्रोफोन आला आणि गजाची धार स्पष्ट ऐकू येऊ लागली. १९२९ च्या मंदीने तबकड्यांचा खप बसला.

या तबकड्या नातेवाइकांमार्फत आयर्लंडला पोहोचत. खेड्यापाड्यांतले वादक सुई पुन्हा पुन्हा मागे घेऊन त्या घोटत. परिणाम दुहेरी झाला: वादनाचा दर्जा उंचावला आणि स्लायगोची शैली प्रमाण ठरली. आपल्या आजोबांची पद्धत गावठी वाटून काहींनी ती सोडून दिली. कोलमनच्या थोरवीपुढे हे नुकसान सहसा सांगितले जात नाही.

तबकड्यांच्या बाहेर राहिलेल्या शैली टिपायला १९४० चे दशक उजाडले. १९३५ साली स्थापन झालेला लोकसाहित्य आयोग आणि नंतर आयर्लंडचे नभोवाणी केंद्र यांची माणसे गावोगाव फिरू लागली. त्यांत शेमस एनिस अग्रणी. नैर्ऋत्येकडील केरी परगण्यातले जुने फिडलशिक्षक पॉड्रिग ओ'कीफ यांचे वादन त्यांनीच मुद्रित केले. १९५२ मध्ये बीबीसीसाठी केलेल्या मुद्रणात ओ'कीफ यांचे शिष्य डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड ही भावंडेही आहेत. स्लाइड आणि पोल्का हे तिथले नाचाचे प्रकार, आणि एक फिडल वरच्या, दुसरे खालच्या सप्तकात वाजवायची तिथली रीत त्यांत ऐकायला मिळते. ते मुद्रण तबकडीरूपाने बाजारात यायला १९७७ साल उजाडले.