घराखालचे विष: वाळवीवरच्या औषधांची पार्श्वभूमी

घरातली वाळवी काढायची म्हटली की आज साधारण दोन मार्ग सुचवले जातात. जोत्याच्या कडेने भोके पाडून जमिनीत औषध सोडायचे, नाहीतर आमिषाच्या डब्या पुरून काही महिने थांबायचे. एका मार्गात काम लगेच झाल्यासारखे वाटते, दुसऱ्यात घरमालकाचा धीर सुटतो. पण हा दुसरा मार्ग निघालाच कशासाठी, हे समजायला अमेरिकेत १९८८ साली झालेल्या एका निर्णयापर्यंत मागे जावे लागते.

त्याआधीचा काळ मुख्यतः लाकूड वाचवण्याचा होता. लाकडात दाबाने डांबरतेल मुरवण्याची पद्धत १८३८ मधली. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण १९३३ मध्ये भारतात तयार झाले आणि जगभर वापरले गेले. वाळवीने बांधलेल्या मातीच्या नळ्यांत आर्सेनिकची पूड फुंकणे हाही जुनाच उपाय. घराला सर्वाधिक छळणारी वाळवी मात्र जमिनीतून वर येते, त्यामुळे चौकट बदलली तरी तिची वसाहत शाबूत राहायची.

१९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लोरडेन हे कीटकनाशक आले. पाठोपाठ हेप्टाक्लोर, आल्ड्रिन, डायेल्ड्रिन. पायाभोवती एकदा ओतले की काही ठिकाणी २० वर्षांनंतरही ते मातीत शाबूत सापडे. पेस्ट कंट्रोलच्या धंद्याला यापेक्षा सोयीचे काही नव्हते. एका घरामागे शेकडो लिटर पातळ केलेले औषध जमिनीत जाई.

वाद पेटला तो इथे. १९७० च्या दशकात शेतीतला क्लोरडेनचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले आणि १९८३ नंतर अमेरिकेत त्याला एकच परवानगी उरली, घराखालच्या वाळवीसाठी. म्हणजे मक्याच्या शेतात जे नको, ते माणसे झोपतात त्या खोलीखाली चालेल. औषध मातीत पुरले जाते, माणसापर्यंत पोहोचत नाही, असा युक्तिवाद होता. तो तेव्हाही टिकण्यासारखा नव्हता. कारण लष्करी वसाहतींतल्या घरांत औषधाची वाफ आधीच सापडली होती. काही घरांत गरम हवेच्या नळ्या तळमजल्याच्या काँक्रीटमध्ये गाडलेल्या असत. औषध सोडायला ड्रिल मारताना त्या नळीला भोक पडे, औषध आत उतरे आणि पुढे हीटर चालू झाला की ते हवेबरोबर खोल्याखोल्यांत फिरे.

१९८७ मध्ये उत्पादक कंपनी आणि सरकारी यंत्रणा यांच्यात समझोता झाला. विक्री थांबवायची, पण आधीच बाजारात गेलेला साठा वापरू द्यायचा. या दुसऱ्या कलमावरून कीटकनाशकांना विरोध करणाऱ्या संघटना न्यायालयात गेल्या. अखेर एप्रिल १९८८ मध्ये विक्री आणि व्यावसायिक वापर दोन्ही थांबले. लोकांच्या घरी पडलेले डबे मात्र यातून सुटले, आणि निर्यातीसाठीचे उत्पादन १९९७ पर्यंत चालूच राहिले. स्वतःच्या देशात जे घराखाली नको ठरले, ते आणखी नऊ वर्षे बाहेर पाठवले गेले. या प्रकरणात सर्वांत कमी चर्चा झालेली आणि सर्वांत गंभीर बाब हीच आहे. ऑस्ट्रेलियाने बहुतेक भागांत १९९५ मध्ये ही औषधे थांबवली. दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात ही चारही नावे पहिल्याच यादीत होती. त्यातही वाळवीसाठी क्लोरडेनला काही काळ सवलत ठेवावी लागली.

रिकामी झालेली जागा क्लोरपायरीफॉस या दुसऱ्या कीटकनाशकाने घेतली. ते मातीत तितके टिकत नाही, म्हणून काही वर्षांनी पुन्हा मारावे लागे. त्याचीही गत फार वेगळी झाली नाही. २००० मध्ये अमेरिकेत त्याचा घरगुती वापर बंद करायचे ठरले, आणि २०२५ मध्ये तेही त्याच आंतरराष्ट्रीय यादीत गेले, अर्थात सवलतींसह. दुसरा पर्याय होता पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांचा, पण ती वाळवीला जाणवतात. ती वळसा घालते आणि औषध न पोहोचलेली फट शोधून घरात शिरते.

या अनुभवातून विचाराची दिशा बदलली. १९९५ मध्ये हेक्साफ्लुमुरॉन हे औषध घातलेले आमिष बाजारात आले. कामकरी वाळवी ते खाते आणि तोंडातून इतरांना भरवते. लगेच कोणी मरत नाही. कात टाकायची वेळ आली की नवे आवरण तयार होत नाही, आणि वाळवी त्या अवस्थेतच संपते. प्रत्येकीची कात टाकण्याची वेळ निराळी, म्हणून वसाहत ओसरायला महिने लागतात. पण जिथे शेकडो लिटर ओतले जात होते, तिथे आता काही ग्रॅम औषधात काम भागते. हा फरक एवढा मोठा आहे की थोडा उशीर सोसायला हरकत नसावी.

जमिनीत सोडायची औषधेही याच काळात बदलली. इमिडाक्लोप्रिड १९९६ मध्ये आणि फिप्रोनिल २००० च्या सुमारास या कामासाठी आले. यांचा वाळवीला सुगावा लागत नाही. ती त्या मातीतून जाते आणि अंगाला लागलेले औषध वसाहतीत नेते. नव्या बांधकामासाठी औषधाविनाही सोय आहे. सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या दगडी कणांचा थर पायाखाली दाबून बसवतात. कण वाळवीच्या जबड्यात मावत नाही आणि मधल्या फटीतून तिचे डोके जात नाही.

जुन्या घरांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. १९९० पूर्वीच्या ज्या घरांखाली क्लोरडेन किंवा आल्ड्रिन ओतले गेले, तिथली माती सहसा कोणी बदललेली नाही. अशा घराचे जोते उकरताना किंवा भिंतीलगत भाजीचा वाफा करताना, पूर्वी तिथे कोणते औषध मारले होते याची चौकशी आधी करायला हवी.