विदर्स, बिल

(४ जुलै १९३८ – ३० मार्च २०२०). अमेरिकन सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांची भावपूर्ण लोकप्रिय संगीतशैली) गायक, गीतकार व संगीतकार. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील स्लॅब फोर्क या कोळसा खाणीच्या वस्तीत जन्मलेल्या विदर्स यांचे बालपण जवळच्या बेकली गावी गेले. ते बोलताना अडखळत. तेराव्या वर्षी वडिलांचे छत्र हरपले. नौदलात नऊ वर्षे नोकरी करून १९६७ मध्ये ते लॉस अँजेलिसला आले आणि विमानांतील शौचालये बनविणाऱ्या कारखान्यात काम करता करता पदरच्या पैशाने गाण्यांचे नमुना-ध्वनिमुद्रण करू लागले.

ससेक्स रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीचे क्लॅरेन्स अव्हांट यांनी त्यांना करारबद्ध केले. संगीतकार बुकर टी. जोन्स यांनी निर्मिलेला ‘जस्ट अॅझ आय अॅम’ हा पहिला अल्बम १९७१ मध्ये निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर विदर्स हातात जेवणाचा डबा घेऊन कारखान्यात उभे दिसतात. तो निव्वळ देखावा नव्हता, कारण गाण्याच्या धंद्यावर विसंबून नोकरी सोडायची त्यांची तेव्हा तयारी नव्हती. याच अल्बममधील ‘एन्ट नो सनशाइन’ जेमतेम दोन मिनिटांचे आहे. त्यात ‘आय नो’ हे शब्द सलग २६ वेळा येतात. त्या जागी नंतर कडवे लिहावे असा विदर्स यांचा विचार होता; पण ध्वनिमुद्रणाला हजर असलेल्या वादकांनी आहे तेच राहू द्यावे असा आग्रह धरला आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे दुय्यम गाणे म्हणून, घातलेल्या या गाण्याने त्यांना अमेरिकन संगीतक्षेत्रातील पहिले ग्रॅमी पारितोषिक मिळवून दिले. आजीच्या हातांवर रचलेले ‘ग्रँडमाज हँड्स’ही याच अल्बममधले.

‘स्टिल बिल’ (१९७२) या दुसऱ्या अल्बममधील ‘लीन ऑन मी’ने बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अग्रस्थान गाठले. त्याची चाल पियानोच्या पट्ट्यांवर क्रमाने वर-खाली सरकणाऱ्या स्वरांची, म्हणजे शिकाऊ हातालाही वाजवता येईल अशी आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या सभागृहामध्ये झालेल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात व्हिएतनाम युद्धात हात गमावलेल्या सैनिकावरील गाणे आहे. राजकीय घोषणा न देता केलेले इतके परिणामकारक युद्धविरोधी गीत सोल संगीतात विरळाच.

ससेक्सशी बिनसल्यावर ते कोलंबिया रेकॉर्ड्सकडे गेले. ‘लव्हली डे’ (१९७७) या गाण्यात त्यांनी एक स्वर सुमारे १८ सेकंद धरला आहे. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन (धाकटे) यांच्यासह केलेल्या ‘जस्ट द टू ऑफ अस’ला (१९८१) दुसरे ग्रॅमी मिळाले. मात्र कंपनीचे अधिकारी गाण्यांत ढवळाढवळ करीत, दुसऱ्यांची गाणी गाण्याचे सुचवीत. त्याला कंटाळून १९८५ च्या अल्बमनंतर विदर्स यांनी नवे अल्बम काढणे थांबविले आणि पुन्हा पुनरागमनाचा मोह धरला नाही. क्लब नूव्हो या गटाने गायिलेले ‘लीन ऑन मी’ १९८७ मध्ये पुन्हा अग्रस्थानी पोहोचले व त्याचे गीतकार म्हणून त्यांना तिसरे ग्रॅमी लाभले. २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या नामवंत संगीतकारांच्या सन्मान-दालनामध्ये त्यांचा समावेश झाला, तेव्हा त्यांचा परिचय गायक स्टीव्ही वंडर यांनी करून दिला. हृदयविकाराने लॉस अँजेलिस येथे त्यांचे निधन झाले.